भरीत खाऊन कातळ चढू नये

प्रिय मोहिनी,

पिंप्राळ्याहून तुझ्या नूतनचा मायेचा नमस्कार. तुझे गुडघे, तुझी साखर आणि कुंडीतला तो रुसलेला मोगरा, तिघांचीही खुशाली आधी कळव. इकडे सगळे बरे आहेत (माझ्या पोटऱ्या सोडून, त्यांचं पुढे येईलच). जितेंद्रभाऊजींना जाऊन दिवाळीला वर्ष झालं. परवा किरणचा पुण्याहून फोन होता. म्हणाला, "मावशी, आई फाटकाबाहेर पाऊल टाकत नाही. माझं ऐकत नाही, तुम्ही तरी काहीतरी करा." मी काय करणार? फोन तू उचलत नाहीस. पत्र न वाचता फाडून टाकण्याइतकी मात्र तू निर्दयी नाहीस, म्हणून लिहायला बसले.

आणि खरं सांगायचं तर मला तुझा सल्ला हवा आहे. आम्ही कातळ चढायला लागलो आहोत. हसून घे, मी थांबते.

झालं असं, की सारिकाने यंदा माझ्या वाढदिवसाला साडी न आणता व्यायामशाळेत माझं नाव घातलं. (सुना पूर्वी असं करत नसत. पूर्वी सासवाही इतक्या जाड नसत, असं तिचं म्हणणं.) तिथे रंगीत खुंट्या ठोकलेली एक उंच भिंत आहे. शेजारच्या उषाअक्काही आल्या. आम्हाला शिकवणारी शीतल वयाने आपल्या लेकीएवढी आणि आवाजाने थेट आपल्या शाळेतल्या सिस्टर ॲग्नेस. पिवळ्या खुंटीवरून पुढच्या पिवळ्या खुंटीवर जायचं, एवढंच. ते जमायला लागलं आणि आम्हाला वाटलं, आता सातपुडा आपलाच. खऱ्या कातळावर पिवळं काहीच नसतं, हे कुणी बोललंच नाही. तू कॉलेजात चढायचीस तेव्हा पाय कुठे ठेवायचा हे कसं ओळखायचीस? बूट बोटं चेपतील इतके घट्ट असावेत हे खरं का? आणि हेल्मेट घालताना अंबाड्याचं काय करायचं? सगळं सविस्तर लिही.

आमची पहिली स्वारी गेल्या रविवारी झाली, सारिकाही सोबत होती. उषाअक्कांचे थोरले भाऊ हिलालआबा यांचं शेत धुळ्याच्या अलीकडे आहे आणि बांधामागे दुमजली घराएवढा काळा कातळ आहे. शीतलने तो आधी जाऊन पाहिला होता. सकाळी लवकर, हलक्या पोटाने यायचं, असं तिने बजावलं होतं. पण मोहिनी, थंडीच्या दिवसांत जळगावची माणसं शेतावर कशाला जातात, हे तुला मी सांगायला हवं का? उषाअक्कांनी गाडीत दोरांच्या पिशवीखाली भरताच्या वांग्यांचं पोतं दडवलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा आबांनी कपाशीच्या पळाट्या पेटवून ठेवल्याच होत्या. शीतल कपाळाला हात लावून म्हणाली, "आबा, आधी चढू द्या." आबा जागचे हलले नाहीत, आधी सगळ्यांनी जेवायचंच. "पोरी, डोंगर काय पयी जाई ऱ्हायना का? पहिले बठ्ठा जेवी ल्या." शीतल पडली बोदवडची, तीही भरताच्याच मुलखातली. भाजलेल्या वांग्यात हिरव्या मिरच्या आणि कांद्याची पात पडेपर्यंत तिने तग धरला. मग तीच म्हणाली, "मला पुरी नको, कळण्याची भाकरी वाढा."

जेवणानंतर माझ्या कमरेचा पट्टा लागेना. व्यायामशाळेत लागणारा तोच पट्टा. उषाअक्का म्हणाल्या, "धुतल्यावर आटला असेल गं." शेवटी दोघींनी ओढून तो लावला. दोर वरच्या झाडावरून फिरवून खाली सारिकाच्या हातात. मी आधी रामाचं नाव घेतलं, मग सवयीने शाळेतली सकाळची प्रार्थना म्हटली आणि चढले. अर्ध्यावर पोचलेसुद्धा. तिथून धुळ्याकडे, तुझ्या घराकडे जाणारा रस्ता दिसत होता. मला आपल्या शाळेमागची चिंच आठवली. आपल्या दोघींतली चढणारी तू. मी खाली फ्रॉकचा घेर पसरून उभी राहायचे आणि चिंचा झेलायचे. आणि आता मी वर लटकलेली, तू घरात बसलेली. हे कुठेतरी उलटं झालं आहे, असं वाटलं आणि डोळे भरून आले. डोळे भरले की पाय दिसत नाहीत. मी सुटले.

मी खाली यायला लागले आणि सारिका वर. बिचारी काडी आहे गं ती. मध्यावर आम्ही समोरासमोर आलो. सासूसुना लग्नानंतर इतक्या जवळून एकमेकींना पाहत नाहीत. ती अगदी शांतपणे म्हणाली, "आई, घाबरू नका, दोर सोडलेला नाही. मीच तुमच्याकडे आलेय." खालून आबा म्हणाले, "हाई ते विहीरना रहाट शे." शीतलने धावत येऊन दोघींना अलगद उतरवलं आणि असं काही झापलं, की मला पुन्हा सातवीत बसल्यासारखं वाटलं. कुणाला खरचटलंही नाही. पोटऱ्या तेवढ्या अजून थरथरताहेत.

तब्येत सांभाळ. मोगऱ्याला थोडं ऊन दाखव.

तुझीच,
नूतन

ता. क. : वरच्या प्रश्नांची उत्तरं लिहू नकोस. शीतलने सगळं समजावलं आहे. अंबाड्याऐवजी वेणी घालायची.

आणखी एक : उद्या रविवारी पुन्हा त्याच कातळावर जायचं आहे, उपाशीपोटी. शीतल म्हणते, दोर धरणारं माणूस माझ्या वजनाला तोलणारं हवं. उषाअक्का तर सारिकाहून हलक्या. ओळखीतल्या सगळ्या बायका मी मनात तोलून पाहिल्या. किरणने तुझा हल्लीचा फोटो पाठवला होता. मोहिनी, रागावू नकोस, पण जळगाव आणि धुळे मिळून मला तूच दिसतेस.

शेवटचं : हे पत्र हातात देताना सारिका "सहज आले होते" म्हणाली असेल. ती सहज आलेली नाही. तुझं वाचून होईपर्यंत तिला ओट्यावर बसून राहायला सांगितलं आहे, आणि एकटी परत येऊ नकोस असंही. तिला आत घे. तू चढायचं नाहीस, नुसती खाली उभी राहा. मी सकाळी कातळाशी थांबते. दोर दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही.