जाहीर व्याख्यानासाठी दोन वर्कर

सोमवार, ८ डिसेंबर २०२५
भाषणाची सुरुवात ठरली: "नगर जिल्ह्यातल्या तमाम बॅकएंडवाल्यांनो! वेबसाइट देखणी दिसली की कौतुक फ्रंटएंडवाल्याचं. सर्व्हर पडला की फोन तुम्हाला! किती दिवस सहन करणार?" आरशासमोर म्हणून पाहिली. अंगावर काटा आला. माझ्याच.
वेबसाइट बनवायच्या जँगो या साधनाची सहावी आवृत्ती आलीय. सावेडीतल्या हॉलमध्ये २१ तारखेला त्यावर जाहीर व्याख्यान. जिल्हा जागा करायचाच.
ऑफिसात आम्ही दोघंच, मी आणि मेहविश. तिला पुण्याची नोकरी चालून आलीय. म्हणाली, "सर, इथं शिकायला माणसंच जमत नाहीत. हॉल भरला तर थांबते." भरणारच.

शुक्रवार, १२ डिसेंबर
नव्या जँगोच्या रिलीज नोट्स वाचून काढल्या. म्हणजे ठळक अक्षरं.
नव्या आवृत्तीला पायथन भाषा ३.१२ ची लागते, आमच्या सर्व्हरवर ३.१०. सर्व्हर प्रतिगामी निघाला. मेहविशनं सुधारला.
सीएसपी: पानात परक्या स्क्रिप्टची घुसखोरी बंद. इथं टाळ्या.
टेम्प्लेट पार्शल: एकाच फाईलमधल्या तुकड्यांना नावं देता येतात. इथं टाळ्या कशा घ्याव्यात? विचार चालू.
आणि बॅकग्राउंड टास्क! काम रांगेत टाका, निर्धास्त व्हा. निमंत्रणं यातूनच पाठवणार.

शनिवार, २० डिसेंबर
निमंत्रणं रांगेत टाकली: "उद्या सायंकाळी पाच वाजता अवश्य या."
मेहविश काष्टीला आत्याकडे. तिचा फोन. "सर, वर्कर लावला ना?" म्हटलं, दोन लावलेत. "दोन? एकसुद्धा पुरला असता!" खूश झाली. कार्यकर्त्यांच्या बाबतीत मी हात आखडता घेत नाही. करण दारावर, परवेझ खुर्च्यांवर.

रविवार, २१ डिसेंबर, सायंकाळी
उपस्थिती: मी, मेहविश, करण, परवेझ. श्रोते मोजके, पण दर्जेदार.
मेहविशनं विचारलं, "वर्कर चालवलेत कुठं?" मी बोट दाखवलं. परवेझनं हात वर केला. ती खुर्चीत बसून हसतच सुटली.
वर्कर म्हणजे रांगेतली कामं उचलून पार पाडणारा वेगळा प्रोग्राम. जँगो रांग देतं, वर्कर आपला आपण आणायचा. नोट्समध्ये हे होतं. ठळक नव्हतं.
ती डोळे पुसेपर्यंत मी तिथल्या तिथं वर्कर चालू केला. सगळी निमंत्रणं क्षणात रवाना! याला म्हणतात निर्णयक्षमता.

सोमवार, २२ डिसेंबर
"उद्या" हा अत्यंत बेजबाबदार शब्द आहे.
पाच वाजता हॉलचे मॅनेजर आसाराम यांचा फोन. "सायेब, हितं साखरपुडा हाय अन् तुमची पोरं गुलाबजामाच्या रांगेत! नवरीकडचे म्हणत्यात नवऱ्याकडची, नवऱ्याकडचे म्हणत्यात नवरीकडची!"
धावलो. हॉल खचाखच. माईक मोकळा. "तमाम बॅकएंडवाल्यांनो" एवढंच झालं, तोच नवरीच्या मावशी लंकाबाईंनी माईक काढून घेतला. "आवं, आदी अंगठी तर घालू द्या पोरीला!"
मेहविशला म्हटलं, हॉल भरला की नाही? म्हणाली, "भरला सर. नवरीसाठी." पुण्याला तिला सकाळी कळवायचंय.
घरी येऊन तिला थांबवणारं भाषण लिहिलं. कळकळीचं, मुद्देसूद. वाचून पाहिलं. त्यात सगळीकडे मीच होतो. फाडलं.
एवढंच पाठवलं: मेहविश, हे ऑफिस तूच चालवतेस. पुण्याला "नाही" म्हणून कळव.