सोलापुरी गुलाबी

१ जानेवारी
संकल्प. यंदा पांढऱ्या कोंबड्यांतून गुलाबी जात काढायची. नाव ठरलं: सोलापुरी गुलाबी. टॉवेल कारखान्यात रंगमास्तर म्हणून केस पिकले, रंग मला कुणी शिकवू नये. गच्चीवर जाळीचं खुराडं. कोंबडा तांबडा, माद्या पांढऱ्या. त्यात बायकोची, पूनमची, चांदणीही घेतली. माहेराहून, वैरागहून, एसटीत मांडीवर बसवून आणलेली. पूनम नाराज. चांदणी तिच्या हातातूनच दाणे खाते म्हणे. खाऊ दे की.

१९ मार्च
पिल्लं वाढली. सगळी पांढरीफटक. खचायचं नाही.

८ एप्रिल, सकाळ
आली! छटा आली! एकीच्या शेपटीच्या मुळाशी, नाजूक. पूनम म्हणाली, अहो, टोचतायत की एकमेकींना, जागा केवढीशी, त्यात हे ऊन, लांब लांब ठेवा. तिला रंगाची शेड कळत नाही. उलट मोठा बल्ब लावला. रंग नीट दिसला पाहिजे.

२० एप्रिल
उकाडा भयंकर. रंग पसरतोय. पूनमने एकीला धुतलं, म्हणे रंग गेला. पहिल्या धुण्यात थोडा जातोच. पाणी बघायला बोलावलं. गेलो नाही.
कोंबड्या हल्ली ओरडत नाहीत. एकीकडेच बघत उभ्या असतात. शिस्त लागली.

२ मे
चांदणीवरही ठिपका! पूनमने हात जोडले, निदान तिला तरी बाहेर काढा. रविवारी काढतो म्हटलं. कारखान्यातला जोतिराम फोटो काढायला येणार, ती हवीच. दाणे घालताना सगळ्यांनी मिळून बोट फोडलं. लळा लागलाय. पट्टी बांधली.

४ मे, रविवार
सकाळी वर गेलो. सगळ्या कोपऱ्यात गर्दी करून, माना खाली. चाहूल लागताच सगळ्यांनी वर बघितलं. चोची लाल. खाली चांदणी. पूनमने हाक मारली तर तिने मान उचलून बघितलं.
पूनमने तिला बाहेर काढलं. टॉवेलात गुंडाळून तिला मांडीवर घेऊन बसली. दुपारी चांदणी गेली. मला फार वाईट वाटलं. जोतिरामला येऊ नको म्हणून कळवलं.

संध्याकाळ
टॉवेल आमच्याच कारखान्याचा, पांढरा. मघापासून धुतोय. रंग जात नाही.