सतरंजीवर ठेवलेली वीणा

सिंदी (रेल्वे)
मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी, मतदानाचा दिवस

चि. धनंजय यास,

ताईचे आशीर्वाद. वहिनीचा खोकला कमी झाला का? तिच्यासाठी तुरीच्या शेंगा पाठवल्या आहेत, तुझ्यासाठी नाहीत.

फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. मशीन बंद झाली, आता हे वाचून तुला काही करता यायचं नाही.

मी आयुष्यभर एकाच चिन्हासमोरचं बटण दाबलं. देवाधर्माचा पक्ष म्हणून. तूही त्याच चिन्हावर उभा. रस्ता झाला की नाही, हेही कधी विचारलं नाही. एकादशी धरणाऱ्या बाईने दुसरीकडे जायचं तरी कुठे?

मग कार्तिकातला सप्ताह आला. सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, हे आईने तुला मांडीवर बसवून शिकवलं होतं. पाचव्या दिवशी पहारा तुझ्या भाऊजींचा होता. प्रचाराला तुझ्या पक्षाचे साहेब आले आणि तुला फोटोत विणेकऱ्याच्या हातून हार हवा होता. "भाऊजी, ठेवा ना ते खाली, साहेबाले घाई हाय!" ते म्हणाले, "दुसरा गडी येऊ दे, मंग देतो." तू त्यांच्या गळ्यातून वीणा काढलीस आणि सतरंजीवर ठेवलीस. साऱ्या गावासमोर!

त्या दिवसापासून ते देवळात गेले नाहीत. एकच वेळ जेवतात.

तुझ्याविरुद्ध उभी राहिलेली ती दीपमाला मास्तरीण देव मानत नाही, भर सभेत सांगते. सहाव्या दिवशी मतं मागायला आली. चपला बाहेर काढून पाऊण तास मागे बसली, पहारा बदलला तेव्हा आम्हाला हात जोडून निघून गेली. पत्रकसुद्धा वाटलं नाही.

मागच्या वेळी तू एकोणीस मतांनी आलास. हरिपाठाच्या आम्ही बाया एकतीस. काल मी सगळ्यांना सांगितलं. तानाबाई म्हणाली, "सख्खा भाऊ हाय तो तुहा. अन् देव न माननारीले मत देऊन राह्यली?" मी म्हटलं, "देव मानून वीणा खाली ठेवते, त्याले देऊ?" आज रांगेत सगळ्यात पुढे मी होते. बटण दाबताना बरं वाटलं, धनू. फार बरं वाटलं. तू पडावास आणि त्याच देवळासमोरून मान खाली घालून जावंस, एवढंच मागणं मागितलं आहे.

एक लिहायचं टाळत होते. तू वीणेला हात घातलास तेव्हा त्यांनी ती घट्ट धरली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "द्या ना, दोन मिनिटाचं तं काम हाय." तेव्हा त्यांनी हात सोडले.

तुझी शिक्षा आज मशीनमध्ये बंद झाली. माझी मी रोज संध्याकाळी त्यांच्या रिकाम्या पाटासमोर बसून भोगते.

निवडून आलास तर गुलाल घेऊन आमच्या दारात येऊ नकोस. हरलास तर ये. त्यांच्या पायाशी एकटीने बसायची माझी हिंमत होत नाही.

तुला मत न दिलेली,
तुझी रुख्माताई