दोन एकर ज्वारी आणि बाळापूरचे पाव्हणे

५ जानेवारी
तिसरा नकार! वय बत्तीस, दात सगळे, केस पुरेसे. तरी नकार. मुंजाजीमामांनी कारण खणून आणलं – "पोरगी म्हणती, ज्वारीवाल्या घरात रोज वीस भाकरी थापा, अन् काढणीला पण सूनच!"

चूक दादांची, म्हणजे माझ्या वडलांची. पाव्हण्यांपुढं त्यांनी तासभर ज्वारीची आरती केली. दाणा माणसाला, कडबा बैलाला, लाह्या पंचमीला, हुरडा सोयऱ्याला! पाव्हण्यांचा चहा थंड झाला, आणि बोलणीही.

११ जानेवारी
उद्या आखाडा बाळापूरचे पाव्हणे येणार. माय आणि मामांनी कट केलाय, मीही सामील. उद्यापुरती आमच्या घरी ज्वारी पिकत नाही, फक्त हळद! भाकरीची काठवट पलंगाखाली गेली. पण पुरुषभर उंच दोन एकर ज्वारी, तीही सडकेला लागून – ती कोणत्या पलंगाखाली घालणार? म्हणून पाव्हण्यांना कॅनॉलच्या कच्च्या वाटेनं आणायचं.

आणि दादा? त्यांना काही सांगितलंच नाही. माय एवढंच म्हणाली, "उद्या दिवसभर शेतातल्या माळ्यावर बसा. पाखरं लई माजलीत." दादा आत्तापासून गोफणीसाठी खडे वेचताहेत. बिचारे!

१२ जानेवारी
जीप कॅनॉलवर दोनदा फसली. पाव्हणे उतरले ते धुळीनं पांढरे होऊन.

मुलगी सुकन्या. बी.एस्सी. सरळ डोळ्यांत बघते! मी हळदीवर इतकं बोललो की मलाच कावीळ झाल्यासारखं वाटलं. तिनं एकच विचारलं – "भाकरी होत न्हाई का तुमच्याकडं?"

"न्हाई बाई, पोळीच! तुला काही तकलीफ न्हाई," माय म्हणाली.

तिचा चेहरा जरा उतरला. का, कळलं नाही. तिच्या वडलांनी विचारलं, "मसाजीराव दिसंनात?" मीच सांगितलं – दादा हिंगोलीला गेलेत, कामानं. खोटं किती पटकन आलं तोंडात!

मला आवडली. स्पष्टच लिहितो, फार आवडली.

१५ जानेवारी
नकार. कारण सांगत नाहीत. मामा म्हणतात, "आता हळदीत काय खोट निघाली?"

दुपारी जेवलो नाही. संध्याकाळी चार भाकरी खाल्ल्या. दुःख आहे, उपास नाही.

२३ फेब्रुवारी
ज्वारी उपटून राहिलोय. मजूर मिळेना, म्हणून मी, माय आणि दादा. हाताला फोड, पाठीचा कडबा झालाय. पण कणसं बघा! मुठीत मावत नाहीत. हिला लपवलं होतं मी – अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

२५ फेब्रुवारी
पेंढ्या बांधताना दादा सहज म्हणाले, "संक्रांतीच्या आधी बाळापूरची एक जीप थांबली होती बघ. कॅनॉलची वाट नको म्हणून सडकेनं माघारी घरी निघालेले. हुरडा भाजून दिला. पोरगी मोठ्या चवीनं खात होती. तिनं इचारलं, शेत कोणाचं? म्हटलं, माझ्या शिवहारचं, अन् मी मसाजी, त्याचा बाप. तर हातातला हुरडा तसाच राहिला तिचा! म्हणली, 'आबा, तुमी हिंगोलीला गेले न्हाईत का?' मग पाया पडली माझ्या अन् गेली. काहून म्हणली असंल रे तसं?"

लाज वाटली. मान वर होईना.

"काय माहीत," म्हणालो.