मऊ पिन

५ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा पाय लागून मला सात महिने झाले. 'तुझा पाय' असंच म्हणतो मी, कारण तुझी वहिनी सगळीकडे सांगत सुटते की नणंदेने माझ्या नवऱ्याला पाय करून दिला. मांडीच्या हाडात ती सळई अशी काही मुरलीये की हाड कुठे संपलं आणि धातू कुठे सुरू झाला ते मलाच कळत नाही. जुन्या पट्ट्यांच्या पायात मांडी घामाने सोलून निघायची. आता सकाळी उठलं, खट्कन अडकवला, की निघालो. पायाखाली खडा आला तर खडा आहे हे कळतं गं! गोदामातल्या त्या खोक्याने पाय नेल्यापासून चार वर्षांनी कळलं. त्या दिवशी मी भर रस्त्यात उभा राहून रडलो, पण हे कुणाला सांगू नकोस.

आता तक्रार. परवा भाजी घेऊन जिना उतरताना टाच अडकली, अंग फिरलं आणि सळई आणि पायाच्या जोडातली ती पिन कट्कन तुटली. पाय एकीकडे, मी एकीकडे, बटाटे तिसरीकडे. लागलं काही नाही, हाताला खरचटलं एवढंच. पण वरच्या मजल्यावरच्या बाईंनी माझा पाय उचलून आणून दिला, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. ठकू, ही काय पिन आहे? मी चाळीस वर्षं लेथवर काढली, पण माझा एक नग तुटून परत आला नाही. आणि तू तर कानस धरायला माझ्याच हाताखाली शिकलीस!

व्यायामाच्या हॉलमध्ये तुझाच पाय लावलेली आणखी तिघं येतात, शिंपीणबाई, मास्तर आणि रंगारी. त्यांच्याही पिना तुटतात. रंगारी तर सगळ्यांदेखत म्हणाला की मिस्त्री, तुमच्या बहिणीने पाय लाखाचा केला आणि पिन कवडीची घातली. मला फार लागलं ते. माझ्या कानांचं तुला ठाऊकच आहे, यंत्रांनी ते कधीच खाल्ले, तेव्हा फोनच्या भानगडीत पडू नकोस. सविस्तर लिही.

तुझा माझ्यावरचा लोभ निदान त्या पिनपेक्षा टिकाऊ असू दे.

तुझा,
दादा


११ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग घाबरले. हाताला खरचटलं म्हणजे नक्की किती, ते वहिनीने लिहावं. तुझ्या शब्दावर माझा काडीचा विश्वास नाही. मांडी दुखते का? सळई कातडीतून बाहेर येते तिथे लाली किंवा ओल दिसते का? रोज आरशात बघ, कंटाळा करू नकोस.

पिनचं म्हणशील तर त्या खेपेच्या कच्च्या निघाल्या असतील. चुकलं माझं, कान पकडते. सोबत सहा नव्या पाठवते आहे, त्या तिघांनाही दे. तुटली की नवी घालायची, हाय काय नि नाय काय.

इथे श्वास घ्यायला फुरसत नाही. नव्या सळईची चाचणी चालू आहे. तिच्या अंगावर आम्ही मुद्दाम बारीक खडबडीत दाणे ठेवतो. त्यांच्या फटीत हाड वाढतं आणि धातूला धरून बसतं. एकदा धरलं की सोडत नाही, अगदी तुझ्यासारखं हट्टी. मग ते सगळं यंत्रात घालून पिळायचं आणि काय होतं ते पाहायचं. हाडं खाटकाकडून आणलेली असतात, पण तो आवाज ऐकवत नाही रे. काल घरी गाजर मोडलं आणि अंगावर काटा आला. पूर्वी असं होत नसे.

जिना सांभाळून उतर. वहिनीला नमस्कार सांग, आणि माझ्यावर रागवायचं तर लोभ ठेवूनच रागव.

तुझी,
ठकू


२० फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या सहा पिना पोचल्या. त्या डब्यात घातल्या आणि डबा माळ्यावर टाकला. गाल फुगवू नकोस, पुढे वाच.

जुन्या वर्कशॉपच्या मालकाने दोन दिवस लेथ वापरू दिला. एक नंबर पोलाद निवडलं, माझ्या हाताने कातलं, पाणी देऊन कडक केलं. मापाला केसाचा फरक नाही. वहिनी ओरडत असताना स्टुलावरून उडी मारली, अंगाला पीळ देऊन पाहिला, पिन जागची हलली नाही. आता मी जिना बघत नाही, खड्डे बघत नाही. छाती काढून चालतो. संध्याकाळी मांडी आतून ठणकते थोडी, पण ते जास्त चालल्यामुळे असेल.

एकदम चार केल्या. एक मला, बाकी त्या तिघांना दिल्या, आणि ठकूनेच सुधारून पाठवल्या असं ठोकून दिलं. तुझ्या नावाला बट्टा लागलेला मला खपणार नाही. शिंपीणबाईंनी तुला आशीर्वाद दिलेत. मास्तरांनी हात जोडले. रंगारी तर हॉलमध्ये नाचून आला. म्हणाला की आता शिडीवर चढायला हरकत नाही, तीन वर्षं खालच्या खालीच भिंती रंगवतोय. काय खूश झालाय म्हणून सांगू!

तुझी ख्याली-खुशाली कळव. मोठ्या भावाने केलेली लुडबूड गोड मानून घे, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा


२५ फेब्रुवारी

दादा,

हे वाचतो आहेस तिथेच खाली बस. पिन काढ आणि पाय बाजूला ठेव. पुढचं मग वाच.

वहिनीचा फोन लागत नाही, म्हणून खालच्या दुकानदाराला फोन करून निरोप दिला आहे, पण तो तुला काय खुणा करेल देव जाणे. मी निघाले असते तर परवा पोचले असते. तातडीच्या टपालाने हे उद्याच पोचेल.

ती पिन कच्ची नव्हती. ती मऊच करतो आम्ही. पडताना अंग फिरतं तेव्हा पायाला पीळ बसतो. त्या पिळाला कुठेतरी जायला जागा हवी. पिन तुटली की पाय सुटतो आणि पीळ तिथेच संपतो. तुटली नाही तर तो सळईतून थेट हाडात शिरतो, आणि हाडाने तर सळईला घट्ट धरून ठेवलेलं असतं, त्याला सुटता येत नाही. मागे चाचणीत मी यंत्रात कडक पिन घालून पाहिली होती. हाड खालपासून वर खुब्यापर्यंत चिरत गेलं. त्या जिन्यावर तुझ्या पिनने नेमकं तिचं काम केलं होतं, म्हणून तू धडधाकट आहेस.

आणि हे मला तेव्हाही माहीत होतं. मी खोटं लिहिलं. ज्याचा एक नग कधी परत आला नाही, त्याला मी तुटायचा नग करते हे कसं सांगू, तुझे टोमणे कोण ऐकणार, असं वाटलं. चाचणीची गडबड होती, म्हणून 'कच्ची निघाली' म्हणून मोकळी झाले. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते आहे.

मांडी ठणकते ते डॉक्टरांना आजच दाखव. त्या तिघांच्या पिना काढून घे. रंगाऱ्याला शिडीवर चढू देऊ नकोस, तुझ्या पाया पडते.

ठकू


२७ फेब्रुवारी

चि. ठकूस,
आशीर्वाद.

पत्र हातात पडलं तसा पायरीवरच बसलो आणि पिन काढली. डॉक्टरांनी मांडीचा फोटो काढला. सळईच्या टोकाशी केसाएवढी रेघ दिसते आहे. तीन महिने वजन टाकायचं नाही, कुबड्या घ्यायच्या. बरं होईल म्हणाले.

मी तुझ्यावर चिडलोय. हे मला एका ओळीत सांगता आलं असतं तुला. मी टर्नर आहे, गाढव नाही. यंत्र वाचावं म्हणून तुटायची पिन घालतात, हे मी स्वतः शेकडो वेळा केलंय. पण पाय म्हटल्यावर माझ्या डोक्यात ते आलंच नाही, आणि तू कच्ची म्हणालीस म्हणून मी कच्ची धरली. तुला बोल लावतोय आणि लिहिताना माझीच मान खाली जातेय.

कुबड्यांवर शिंपीणबाईंकडे गेलो, त्यांनी पिन परत दिली. मास्तरांनीही दिली, वर चहा पाजला. रंगारी घरी नाही. दुसऱ्या गावी एका शाळेच्या रंगकामाला गेलाय. बायकोला गावाचं नाव माहीत, शाळेचं नाही. शिडी सोबत घेऊन गेलाय, फोन मात्र घरीच ठेवून. वहिनी आजच्या गाडीने तिकडे निघाली आहे, शाळाशाळांतून विचारणार आहे.

देवावर माझा फारसा विश्वास नाही, पण सकाळपासून त्याचंच नाव घेतोय.

दादा


९ मार्च

चि. ठकूस,

तुझ्या वहिनीला शाळा सापडली, पण एक दिवस उशिरा.

फार उंचावरून नाही पडला गं. दुसऱ्याच पायरीवरून, डबा घेऊन उतरताना. पाय शिडीत अडकला आणि अंग फिरलं. कुणीही पडेल आणि कपडे झटकून उठेल, एवढंसं पडणं. हाड खुब्यापर्यंत उभं चिरलं. सळई काढून टाकावी लागली. दुसरी बसवायला हाड शिल्लक नाही, आणि पट्ट्यांचा जुना पायसुद्धा यापुढे लागणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन कागदावर लिहून दिलं. त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

काल त्याच्या खाटेपाशी दोन तास बसलो. तापाने चेहरा लाल होता, पण मला बघून हसला. त्याचा क्षीण झालेला आवाज मला ऐकू येत नाही म्हणून त्याने पाटीवर लिहिलं की मिस्त्री, चूक माझीच, डॉक्टर नको म्हणत असताना चढलो. मग उशीखालून कापसात गुंडाळलेली पिन काढून माझ्या हातावर ठेवली. मी टर्नरच्या डोळ्यांनी पाहिली. एक ओरखडा नाही तिच्यावर. त्याने पुन्हा लिहिलं की बहिणीला सांगा, पिनला काही झालं नाही, नवा पाय आला की हीच लावू, तोवर तुम्ही जपून ठेवा.

मी मान हलवली आणि पिन खिशात घालून आलो.

तू ये. तुझे कामावरचे साहेब काय म्हणतील ते म्हणोत, तू ये. हे त्याला आपण दोघांनी सांगायचं आहे. त्यानंतर त्याने आपल्यावर लोभ ठेवावा असं मी मागणार नाही. तुझा तेवढा माझ्यावर असू दे.

दादा