पट्ट्याच्या या टोकाला

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ५.४०
देवापुढे दिवा लावला. मग ही वही उघडली.
मुलगी काल नोकरीच्या गावी गेली. दोन वर्षांसाठी. तिचा कुत्रा बटण आमच्याकडे. (नाक कोटाच्या काळ्या बटणासारखं, म्हणून हे नाव.) जाताना तिने पट्टा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, बाबा, दुसरे कुत्रे दिसले की हा वेडा होतो, सांभाळा. मी म्हटलं, निश्चिंत राहा. एकोणीस वर्षं माणसांना गाडी शिकवतोय. माझ्या शेजारी बसून आजवर एकाही शिकाऊ माणसाने अपघात केला नाही. तिथे चार पायांचं काय.
संकल्प : रस्त्याचे नियम तेच. डावी बाजू. समोरच्यापासून योग्य अंतर. वेग कमी. महिन्याभरात बटण या भागातला सर्वांत शिस्तीचा कुत्रा.

सकाळी ७.०५
परत आलो. कोणत्या रस्त्याने जायचं हे बटणने ठरवलं. पहिला दिवस म्हणून मीच मोकळीक दिली.

४ फेब्रुवारी, मंगळवार
आज एक गैरसमज झाला. चूक कोणाचीच नाही.
तळमजल्यावर निवृत्त नर्सबाई राहतात. त्यांचा पांढरा, म्हातारा कुत्रा. त्याला सगळे आजोबा म्हणतात. सकाळी दोघं समोरून येत होते. बाईंनी लांबूनच हात वर करून मागून पुढे, मागून पुढे असा हलवला. आमच्या धंद्यात या खुणेचा अर्थ एकच : मी थांबतोय, तुम्ही गाडी पुढे काढा. मला कौतुक वाटलं. शिकलेली बाई. मी मान लववली आणि बटणला पुढे काढला.
बाईंच्या मते त्या आम्हाला हाकलत होत्या.
पट्टा त्यांच्या दोन्ही पायांभोवती गुंडाळला गेला. मी म्हटलं, घाबरू नका ताई, माझा काही करत नाही. त्या म्हणाल्या, तुमचा नाही करत हो, माझा करतो! चौदा वर्षांचा आहे, मान दुखते त्याची, कोणी अंगावर आलं की चावतो. तुम्ही आधी विचाराल की नाही? मी म्हटलं, तुम्हीच तर साइड दिलीत.
पुढचं लिहीत नाही. नर्सबाईंचं शब्दभांडार मोठं आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ७.३०
मुलीचा फोन आला. सलग चौथा दिवस. बरोबर ७.१० ला, माझ्या फोनवर, चेहरा दिसतो तसला.
हॉस्टेलला होती तेव्हा रविवारी फोन करायची, तोही आईला. शेवटी फोन माझ्याकडे यायचा. जेवलात का? जेवलो. तब्येत? बरी. ठेवू? ठेव. एवढंच. मला त्याचं काही नव्हतं. बापलेकींचं असंच असतं.
आता म्हणते, बाबा, बटणला दाखवा. मी बटणला मांडीवर घेऊन बसतो. माझा अर्धा चेहरा येतो तेवढाच. आज मध्येच म्हणाली, बाबा, तुम्ही चष्मा बदललात? मी म्हटलं, दीड वर्ष झालं. तर हसली आणि म्हणाली, मला दिसलाच नाही कधी. मग वीस मिनिटं तिच्या साहेबाबद्दल बोलली. बटण झोपून गेला होता. तिला सांगितलं नाही.
फोन बटणसाठी असतो हे मला माहीत आहे. मी फक्त धरून बसतो.

९ फेब्रुवारी, रविवार
नवीन पट्टा आणला. मुठीत एक डबी, तिच्यातून पाच मीटर दोरी आत-बाहेर होते. डबीवर ब्रेकचं बटण.
चिंतन : देवही आपल्याला असाच सोडतो. मर्यादेत मोकळा. आपल्याला वाटतं आपणच चाललोय. गावच्या शाळेत गुरुजी हेच सांगायचे, फक्त कुत्रा नव्हता.

नंतर
बटण कोपऱ्यावरून माझ्या पाच मीटर आधी वळतो. वळणापलीकडे कोण आहे हे त्याला कळतं, मला फक्त ऐकू येतं. आज पलीकडे आजोबा होते. मी तत्काळ ब्रेक मारला. पायाने. शिकवणीच्या गाडीत माझ्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, एकोणीस वर्षांची सवय. उजवा पाय फुटपाथवर धाडकन आपटला. ब्रेक हातात आहे हे आठवेपर्यंत दोरी संपली होती.
बटणला पाय आपटणं म्हणजे शर्यत सुरू, असं वाटतं. ही त्याची समजूत. हळूहळू काढू.

१० फेब्रुवारी, सोमवार
सोसायटीचे सेक्रेटरी घरी आले. व्यवसायाने दाताचे डॉक्टर, त्यामुळे वाईट बातमी देताना तोंडाकडेच बघतात. म्हणाले, काका, दोन लेखी तक्रारी आल्यात. तेवीस तारखेला मीटिंग. विषय एकच : कुत्रा इमारतीत ठेवायचा की नाही.
ते गेल्यावर हिने विचारलं, ठेवायचा नाही म्हटलं तर? मुलीच्या मैत्रिणीची शहराबाहेर रोपवाटिका आहे, ती घ्यायला तयार आहे. मोठं कुंपण. बटण तिथे सुखात राहील, असं ही म्हणाली. मी म्हटलं, राहील की.

मुलीला यातलं काही सांगायचं नाही असं ठरलं. ७.१० ला फोन आला. सांगितलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार
प्रश्न शिस्तीचा आहे. बटणचा नव्हे, इमारतीतल्या इतर लोकांचा. काल रात्री जेवणाआधी बसून सुवाच्य अक्षरात नियम लिहिले. सकाळी लिफ्टमध्ये लावले.
एक : समोर कुत्रा दिसताच दोन्ही बाजूंनी डावीकडे व्हावे. दोन : हाताच्या खुणा प्रमाणित असाव्यात. तीन : वळणावर तोंडाने सूचना द्यावी. असे एकूण सात.
दुपारपर्यंत कोणीतरी खाली पेन्सिलीने आठवा लिहिला : नियम करणाऱ्याने पट्टा धरू नये.
ही म्हणाली, अहो, कुत्रे वाचतात का? आणि माणसांचं तर सोडाच. संध्याकाळी कागद काढून आणला. चिकटपट्टीबरोबर लिफ्टचा रंगही आला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
नर्सबाई स्वतःहून बोलल्या. म्हणाल्या, तुमच्यावर राग नाही हो माझा, पण माझा म्हातारा आता बाहेर यायलाच घाबरतो. दाराशी येतो, वास घेतो आणि परत जातो. चौदा वर्षं रोज सकाळी फिरलाय तो.
हे ऐकून बरं वाटलं नाही. देवापुढे त्याच्यासाठीही दोन मिनिटं बसलो.
मग त्यांनी शिकवणी घेतली. मी शिष्टाचार म्हणून ऐकली. ती पाच मीटरची डबी आधी घरी ठेवा. पट्टा आखूड, पण सैल. समोरासमोर सरळ चालून जाऊ नका, कुत्र्यांत ते भांडणाचं निमंत्रण. लांबूनच वळसा घ्या, अर्धगोल. भेटवायचं असेल तर आधी विचारा. नको म्हणाले तर रुसू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, म्हणाल्या, समोर कुत्रा दिसला की तुम्ही मूठ आवळता, खांदे वर जातात, श्वास धरता. त्याला वाटतं, धनी एवढा घाबरला म्हणजे समोर वाघच असणार.
मी नम्रपणे सांगितलं की मी घाबरत नाही.
त्यांनी बटणला दहा पावलं चालवून दाखवला. साधूसारखा चालला. दमला असणार.

१५ फेब्रुवारी, शनिवार
आज चौकात गाडी अचानक थांबली. शिकायला येणारी बँकेतली बाई म्हणाली, सर, मी काहीच केलं नाही, ब्रेक तुमचाच होता. समोर तर कोणी नव्हतंच. दर चौकात दाबता तुम्ही, मला वाटायचं माझंच चुकतंय.
विद्यार्थी आपली चूक मान्य करत नाहीत. जुना अनुभव.

१७ फेब्रुवारी, सोमवार
नवा उपाय : नामस्मरण. मन शांत असेल तर ती शांती दोरीतून खाली उतरेल. नर्सबाईंचं बोलणं आणि माझी साधना यात विरोध नाही, फक्त माझी पातळी वरची.
पहिली शंभर पावलं अपूर्व गेली. पट्टा हलका. मन हलकं. डोळे आपोआप मिटले.
ईश्वर सर्वत्र आहे. पण नेमक्या त्या जागी कोपऱ्यावरच्या शिंप्याचा दांडगा तपकिरी कुत्रा होता.
शिंपी म्हणाला, काका, झोपेत चालता का? माझी पॅन्ट गुडघ्यावर फाटली. त्याने उभ्या उभ्या मोजून घेतली.

२० फेब्रुवारी, गुरुवार
तीन दिवस राहिले. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, इथे कोणी ओळखीचं नाही, दिवसभर या सात वाजण्याचीच वाट बघते. बटणचा कान दाखवा. दाखवला.
ती बोलत असताना मी बटणला जरा जास्तच घट्ट धरलं असावं. तो उठून स्वयंपाकघरात गेला. मुलीने विचारलं, कुठे गेला? म्हटलं, पाणी प्यायला. येईल.
तरी तिने फोन ठेवला नाही. पण हा नियम म्हणून धरता येणार नाही. एकदाच झालंय.

२२ फेब्रुवारी, शनिवार
सेक्रेटरींचा निरोप : उद्या चर्चा नको, प्रात्यक्षिक दाखवा. खाली पार्किंगमध्ये. आजोबांना समोरून आणू, शांतपणे पुढे गेलात तर विषय संपला.
उत्तम. आयुष्यभर दुसऱ्यांच्या परीक्षा पाहिल्या. आज रंगीत तालीम केली. पट्टा आखूड. माझ्या बुटाची नाडी सुटली म्हणून दोन मिनिटं पट्टा हिच्याकडे दिला. हिने आयुष्यात कुत्रा धरलेला नाही. ही कचऱ्याची पिशवी एका हातात, पट्टा दुसऱ्या हातात घेऊन, वरच्या मजल्यावरच्या मावशींशी भाजीबद्दल बोलत, तीन कुत्र्यांच्या बाजूने वळसा घेऊन गेली. बटणने मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.
मी मागून सतत सूचना देत होतो. त्याचा परिणाम.

२३ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १२
लिहावं की नाही. लिहितो.
पंधरा-सोळा लोक. सेक्रेटरी मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर. समोरून नर्सबाई आणि आजोबा. मी सगळं आठवलं. वळसा. सैल पट्टा. श्वास. देवाचं नाव घेतलं. दहा पावलांवर आजोबा माझ्याकडे बघून थबकला आणि नर्सबाईंच्या पायामागे लपला. तो घाबरला हे पाहून मी घाबरलो. पाय आपटला गेला.
बटण सुटला. पट्टा खुर्चीच्या पायात गेला. सेक्रेटरी खुर्चीसकट अर्धा फेरा फिरले. दात मात्र शाबूत. आजोबा चावला, तो मला. बुटाला. त्याच्या तोंडात आता बुटापुरतेच दात आहेत.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. कोणीतरी मागून म्हणालं, रोपवाटिकाच बरी. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे.
मी उभा होतो.  एवढंच म्हणालो, की मुलीचा आहे हो. तिचा रोज फोन येतो.
तेव्हा नर्सबाई हिला म्हणाल्या, ताई, जरा तुम्ही धरा पाहू. ही म्हणाली, अगं बाई, मी? हात पदराला पुसले. पट्टा घेतला. लांबून वळसा घालून चालत गेली, नर्सबाईंना विचारलं, येऊ का जवळ? त्या म्हणाल्या, या. बटणने आजोबांच्या शेपटीचा वास घेतला. आजोबांनी त्याचा घेतला. दोघं बसले.
टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

२४ फेब्रुवारी, सोमवार
सोसायटीचं पत्र. तीन ओळी.
कुत्रा इमारतीत राहू शकतो. त्याला कोणत्याही वेळी फिरायला नेता येईल. मात्र सदनिका क्रमांक नऊमधील पुरुष सदस्यांनी त्याला नेऊ नये.
जिंकलो! बटण राहिला. महिन्याभरात शिस्त लावायची म्हटलं होतं, एकवीस दिवसांत लागली. देवाला साखर ठेवली.
बंदीबद्दल म्हणाल तर माझे गुडघे तसेही दुखतात.
ही म्हणाली, सकाळी मला जमायचं नाही, नर्सबाई नेतील आजोबांबरोबर. मी संध्याकाळी सातला नेईन, ऊन उतरल्यावर.
सात ही चांगली वेळ आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ७.०५
फोन पूर्ण चार्ज करून पेल्याला टेकवून ठेवलाय. उभा. चष्मा पुसला. काल मुलीचा फोन आला नव्हता. तिला काम असेल.

७.२०
गॅलरीत उभा आहे. वही कठड्यावर.
खाली ही, नर्सबाई, दोन्ही कुत्रे. पट्टा जमिनीला टेकेल इतका सैल. हिच्या हातात स्वतःचा फोन, समोर धरलेला. ही हसतेय. फोन खाली वाकवून बटणला दाखवतेय, मग आजोबांना, मग नर्सबाईंना. नर्सबाईंनी फोनला हात केला. या वेळी ती खूण मला नीट कळली. नमस्कार होता.
मुलीचा आवाज इथवर येतो. शब्द येत नाहीत.
दिव्याच्या खांबाशी बटण थांबला आणि त्याने मान उंच करून सरळ वर पाहिलं. हिनेही फोन वर केला. मी हात हलवला. बराच वेळ हलवला.
आत्ता दिसलं, बरोबर माझ्या खालच्या गॅलरीच्या कठड्यावर मांजर बसलंय.