दयानंद नावाचा डबा

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून डॉकर, म्हणजे सर्व्हरवरचा एकेक प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवायचं सॉफ्टवेअर. क्लासचा सर्व्हर आता माझ्या मुठीत. सोपं आहे: इमेज म्हणजे साचा, त्यातून काढलेला चालता डबा म्हणजे कंटेनर. डब्याला नाव देता येतं. ज्यांनी ज्यांनी माझा अपमान केला त्यांचीच नावं देणार. राग साठवून ठेवू नये.
पहिला डबा: मल्लिनाथ. क्लासचे मालक. पगारवाढ मागितली तर हसले.

४ नोव्हेंबर
डॉकर स्टॉप मल्लिनाथ. पण स्टॉप आवराआवरीला दहा सेकंद देतं. मल्लिनाथला कशाला मुदत? डॉकर किल. जागेवर गार. लई बरं वाटलं. दुपारी सर जिन्यात भेटले, वाकून नमस्कार केला.

५ नोव्हेंबर
डॉकर पीएस डॅश ए मारलं तर मेलेलेही यादीत! मुडदे आर एम लावून उचलायचे. जिवंतालाच उचलायचं तर आर एम डॅश एफ. मारणं आणि पुरणं एकदम. हे हत्यार जपून वापरणार.

८ नोव्हेंबर
बायको सुकन्या इथंच, लातूरला, आमच्याच क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते. तिच्या प्रश्नपेढीसाठी माझ्या सर्व्हरवर कोरा डबा काढला, ती त्यात प्रश्न भरणार. १५ जानेवारीला सर बघणार. पसंत पडली तर ती विभागप्रमुख. डब्याचं नाव दयानंद. तिचा भाऊ. देगलूरच्या लग्नात चारचौघांत म्हणाला होता, दाजीला कम्प्युटरातलं काय बी येत न्हाई.

२ डिसेंबर
सुकन्या रोज क्लास आटोपून चाळीस प्रश्न टाइप करते. विचारत होती, बॅकअप घेतलाव का न्हाई. म्हटलं, इमेज आहे ना. साचा शाबूत तर डबा कधीही काढू. तिला टेक्निकल समजत नाही.

१९ डिसेंबर
दयानंदचा फोन. म्हणे, सर्व्हर नीट चालतोय ना दाजी? म्हणजे काय? फोन ठेवला आणि डॉकर किल दयानंद. सुकन्या आतून ओरडली, अहो, पेज गेलं की! डॉकर स्टार्ट. सगळे प्रश्न जागच्या जागी. सिद्ध झालं, कितीही मारा, काही बिघडत नाही.

११ जानेवारी, रविवार
दयानंद संक्रांतीला आलाय. जेवताना म्हणे, अडलं तर इचारा दाजी, मी बी डॉकर शिकायलोय. मला! शिकवणार! ताटावरून उठलो. आर एम डॅश एफ दयानंद. मुंडकं उडवल्यासारखं वाटलं.
मग इमेजवरून नवा डबा काढला. कोरा. प्रश्न: शून्य.
प्रश्न साच्यात नव्हतेच. डब्यात होते. तेवीसशे.
भिंतीला बुक्की मारली. भिंतीला काही झालं नाही.

१५ जानेवारी
हाताला प्लास्टर. सुकन्यानं सरांना स्वतः सांगितलं, प्रश्नपेढी झाली नाही. विभागप्रमुख झाले शिवशंकर सर, दुसरे बायोलॉजीवाले. माझं नाव तिनं घेतलं नाही. दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं झालं असतं. फार लाज वाटतेय.

१८ जानेवारी
दयानंद परत गेला नाही. ती प्रश्न सांगते, तो टाइप करतो. एकशे साठ झाले. मी दारातून सुचवलं, डब्याबाहेर व्हॉल्यूम, म्हणजे वेगळी साठवण, जोडून डेटा त्यात ठेवायला हवा. दयानंद हळूच म्हणाला, जोडलाय दाजी, पहिल्याच दिवशी.
सर्व्हरचा पासवर्ड बदललाय. मी विचारला नाही.